रुक्मिणीचें ‘स्वयंवर’ : एका नांवाची चिकित्सा

(१)

जुन्या मराठी पोथ्यांची कोणतीहि यादी उघडावी, तींत ‘रुक्मिणीस्वयंवर’ हें नांव एकदां तरी आढळावयाचेंच. नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवर आहे, एकनाथांचें आहे, विठ्ठल बीडकराचें आहे. महदाइसेचें ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ आहे. हें नांव आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु ज्यानें भागवताच्या दशमस्कंधांतील मूळ कथा वाचली असेल, त्याला एक साधी शंका यावयास हवी. या कथेंत स्वयंवर आहे कोठें? येथें मंडप नाहीं, आमंत्रित राजांची रांग नाहीं, वरमाला हातीं घेऊन त्या रांगेपुढून जाणारी राजकन्या नाहीं. विदर्भराज भीष्मकाचा पुत्र रुक्मी हा बहिणीचें लग्न चेदिराज शिशुपालाशीं ठरवितो; बहीण एका ब्राह्मणाहातीं द्वारकेस निरोप पाठविते; कृष्ण येतो आणि लग्नाच्या आदल्या दिवशीं, देवीच्या दर्शनाहून परतणाऱ्या वधूला सर्व राजांच्या देखत रथांत घालून नेतो. ही हकीकत हरणाची आहे, स्वयंवराची नव्हे. सामराज कवीनें आपल्या काव्यास ‘रुक्मिणीहरण’ असें नांव दिलें, तें या दृष्टीनें अगदीं यथार्थ आहे.

मग इतर कवींनीं ‘स्वयंवर’ हा शब्द कां पत्करला? हीं काव्यें रचणारे संस्कृताशीं परिचित होते. स्वयंवर म्हणजे काय हें त्यांना ठाऊक नव्हतें असें म्हणवत नाहीं. ज्यांनीं जाणून हा शब्द योजिला, त्यांच्या मनांत कांहीं निर्णय असला पाहिजे. या कथेंतील कुल, प्रेम आणि विवाह यांचा परस्परसंबंध त्यांनीं कसा लाविला, हें त्या निर्णयावरून कळूं शकेल, असें मला वाटतें. या काव्यांविषयीं दोन मतें वारंवार ऐकूं येतात. एक असें कीं, हा सगळा जीवशिवाच्या ऐक्याचा रूपकाचा खेळ आहे, त्यांत समाजाचें चित्र शोधूं नये. दुसरें असें कीं, जुन्या महाराष्ट्रांत कन्येस वर निवडण्याची मोकळीक होती, याचा हा पुरावा आहे. दोन्ही मतें अपुरीं आहेत हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम मूळ कथेकडे वळूं. विष्णुपुराणाच्या पांचव्या अंशांत ही कथा थोडक्यांत येते. कृष्णाचें रुक्मिणीवर मन, तिचें कृष्णावर मन, रुक्मीचा विरोध आणि मग हरण, एवढेंच तेथें आहे, पत्र नाहीं. भागवतांत मात्र पत्र येतें आणि पत्राबरोबर रुक्मिणी ही बोलती व्यक्ति होते. तिनें कृष्णाला पाहिलेलें नाहीं. घरीं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून त्याचें रूप, गुण, पराक्रम आणि वैभव ऐकून तिनें मनाशीं निश्चय केलेला आहे. साहित्यशास्त्रकार ज्यास श्रवणजन्य अनुराग म्हणतात, त्याचें हें ठळक उदाहरण होय.

या पत्रांतील दोन गोष्टींकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. पहिली अशी कीं, रुक्मिणी आपल्या निवडीचें समर्थन केवळ प्रेमाच्या बळावर करीत नाहीं. कुल, शील, रूप, विद्या, वय, धन आणि प्रभाव अशी गणना करून ती म्हणते कीं, या सर्वांत तूं तुझ्यासारखाच आहेस, मग कोणती कुलीन, विचारी कन्या तुला वरणार नाहीं? या यादींत कुल सर्वांत आधीं आहे. कुलाचा विचार सोडून ती कृष्णाकडे धांवत नाहीं. कुलाचा विचार करूनच ती त्याला निवडते. दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. आपल्याला कोणत्या विधीनें न्यावें हें ती स्वतःच सांगते, आणि त्या विधीचें शास्त्रीय नांव घेते: राक्षसविधि. इतकेंच नव्हे, तर बांधवांचा वध न होतां हें कसें साधेल, याची योजनाहि तिनेंच आखलेली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशीं कुलदेवीच्या यात्रेनिमित्त वधू नगराबाहेर गिरिजेच्या देवळांत जाते; त्या वेळीं यावें, असें ती कळविते.

मनुस्मृतींत राक्षसविवाहाचें लक्षण दिलें आहे तें असें: मारहाण, तोडफोड करून, आक्रोश करणाऱ्या व रडणाऱ्या कन्येला घरांतून बळानें नेणें. गांधर्वाचें लक्षण म्हणजे वधूवरांचा परस्परांच्या इच्छेनें झालेला संयोग. हे दोन्ही प्रकार, वेगवेगळे किंवा मिश्र, क्षत्रियांना मोकळे आहेत असें मनु सांगतो. ‘मिश्र’ म्हणजे काय? कन्येची संमति आधींची, आणि बळ वापरावयाचें तें तिच्यावर नव्हे तर आड येणाऱ्यांवर, असाच त्याचा अर्थ संभवतो. रुक्मिणीचा विवाह या मिश्र प्रकारांत नेमका बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो राक्षस. आंतून तो गांधर्व. राक्षसाच्या लक्षणांतील रडणारी कन्या येथें नाहीं. येथें कन्याच बोलावणें धाडणारी आहे.

(३)

आतां ‘स्वयंवर’ या शब्दाकडे पाहूं. मनूच्या आठ विवाहप्रकारांत स्वयंवर नाहीं. ऋतुमती कन्येनें तीन वर्षें वाट पाहून नंतर आपल्यास अनुरूप पति स्वतः शोधावा, अशी अनुज्ञा नवव्या अध्यायांत आहे. परंतु ती पित्यानें कर्तव्य चुकविल्यावरची तरतूद होय. काव्यांतील स्वयंवर हें त्याहून निराळें आहे. त्याचा उत्तम नमुना रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत आहे, आणि तोहि विदर्भाच्याच राजकन्येचा. इंदुमती मंडपांत येते, सुनंदा नांवाची द्वारपालिका तिला एकेका राजापुढें नेते आणि त्याचें कुल, देश व पराक्रम वर्णिते. इंदुमती पुढें सरकत जाते आणि अखेर अजाला वरते.

हा प्रसंग मोठा रमणीय आहे. पण थोडा विचार केला म्हणजे कळतें कीं, खरी निवड इंदुमती मंडपांत येण्यापूर्वींच अर्धी होऊन गेलेली आहे. कोणास आमंत्रण धाडावयाचें हें वधूच्या घरच्या पुरुषानें ठरविलें. जे आले ते सर्व राजे. ज्यांच्या कुलाची चाळणी आधींच झाली तेच आसनांवर बसले. कन्येचें स्वातंत्र्य त्या रांगेपुरतें. कुल आणि प्रेम यांचा विरोध उत्पन्नच होऊं नये अशी ही व्यवस्था आहे.

दमयंतीचें स्वयंवर याच्याहून एक पाऊल पुढें जातें. रघुनाथपंडितानें श्रीहर्षाच्या नैषधाच्या आधारें मराठीस जें नलदमयंतीचें आख्यान दिलें, त्याची नायिकाहि विदर्भकन्याच. तिच्यापुढें इंद्रादि देव उमेदवार असतां ती मनुष्य नलाला वरते. श्रेष्ठ पद सोडून आपल्या मनांतला वर घेणें, ही त्या कथेची धार. तरीहि नल राजा आहे आणि मंडपांत निमंत्रणानेंच आलेला आहे.

रुक्मिणीचें तसें नाहीं. तिच्यासाठीं मंडप झालाच नाहीं. वर ठरला तो भावाच्या हट्टानें. भागवत स्पष्ट सांगतें कीं, बाकीच्या बांधवांची इच्छा तिला कृष्णास देण्याची होती, पण कृष्णद्वेष्ट्या रुक्मीनें ती मोडून काढली आणि भीष्मक पुत्रस्नेहानें त्याच्या मागें गेला. अशा स्थितींत ज्याला या लग्नांत वर म्हणून स्थान नाहीं, त्यालाच ती निवडते. म्हणून मी म्हणतों कीं, मंडपांतल्या स्वयंवरापेक्षां ही निवड अधिक ‘स्वयं’ आहे. मराठी कवींनीं हरणाच्या कथेला स्वयंवर म्हटलें तें अज्ञानानें नव्हे. शब्दाचा रूढार्थ बाजूस सारून त्यांनीं त्याचा अवयवार्थ उचलला: स्वतः वरणें. रथ कोणी हांकला यावरून त्यांनीं कथेस नांव दिलें नाहीं. पत्र कोणी लिहिलें यावरून दिलें. हा त्यांचा निर्णय, आणि तो साधा नाहीं.

(४)

परंतु कुलाचा प्रश्न एवढ्यानें मिटत नाहीं. रुक्मी व शिशुपाल यांचा कृष्णावरील मुख्य आक्षेप कुलाचाच आहे. राजसूयाच्या सभेंत शिशुपाल त्याला गुराखी म्हणतो, वर्णाश्रमाबाहेरचा म्हणतो, आणि ययातीच्या शापानें यदुकुलास राजपद नाहीं याची आठवण देतो. आश्चर्य असें कीं, हाच आक्षेप पुढें कृष्ण स्वतःच्या तोंडानें रुक्मिणीपुढें मांडतो. दशमस्कंधाच्या साठाव्या अध्यायांत तो थट्टेनें तिला विचारतो कीं, एवढे बलाढ्य राजे सोडून तूं माझ्यासारख्याला कां वरलेंस? आम्ही राजांच्या भयानें समुद्राचा आश्रय केलेले, राजासन सोडलेले, निष्किंचन. विवाह आणि मैत्री समान धन व समान जन्म असलेल्यांत शोभते, उत्तम आणि अधम यांच्यांत नव्हे. हें ऐकून रुक्मिणीच्या हातांतला वारा घालण्याचा पंखा गळून पडतो व ती मूर्च्छित होते. कृष्ण तिला सावरतो आणि सांगतो कीं, ही केवळ थट्टा होती. प्रियेशीं असा विनोद करीत काळ जाणें हाच गृहस्थाचा मोठा लाभ आहे.

विनोद खरा, पण विनोद कोठें टोंचतो यावरून जखम कोठें आहे हें कळतें. ज्या समाजांत समान कुलाचा दंडक सैल होता, तेथें ही थट्टा कोणाला मूर्च्छा आणणार नाहीं.

हा आक्षेप देवगिरीच्या दरबारांत कसा ऐकूं आला असेल याचा विचार करावा. देवगिरीचे यादव स्वतःस कृष्णाचे वंशज मानीत. ‘द्वारवतीपुरवराधीश्वर’ हें त्यांचें बिरुद त्यांच्या लेखांत येतें, आणि हेमाद्रीच्या व्रतखंडांतील राजप्रशस्तींत त्यांची वंशावळ चंद्रापासून यदु व कृष्णामार्गें खालीं आणली आहे. पूर्वीं हें घराणें चालुक्यांचें मांडलिक होतें. मांडलिकाचा सम्राट् झाला म्हणजे त्याला कुलाची प्रतिष्ठा लागते, आणि ‘गुराखी कीं राजा?’ हा प्रश्न त्याच्या दृष्टीनें पुराणांतला राहत नाहीं. रुक्मिणी कृष्णाला राजांत श्रेष्ठ म्हणून वरते ही कथा रामदेवरावाला कां प्रिय असावी, हें निराळें सांगावयास नको.

नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवर शके १२१४ चें, म्हणजे इ. स. १२९२ चें. त्याविषयीं महानुभावांच्या परंपरेंत जी आख्यायिका आहे ती संशोधकांना परिचित आहे. काव्य ऐकून राजा प्रसन्न झाला आणि भरपूर सोनें देऊं करून, हें काव्य आपल्या नांवावर करावें असें त्यानें सुचविलें. नरेंद्रानें नकार दिला. त्याचें कारण असें कीं, तसें केल्यास कवींच्या कुळाला दोष लागेल. पुढें तो महानुभाव पंथांत गेला. ही आख्यायिका कवीच्या स्वाभिमानाचें उदाहरण म्हणून सांगितली जाते व तें ठीकच आहे. पण तींतील ‘कुळ’ या शब्दाकडे पाहावें. राजाला वंशावळीचें कुल आहे. कवि त्यापुढें दुसरें एक कुल उभें करतो, जें जन्मानें मिळत नाहीं व सोन्यानें विकत घेतां येत नाहीं. कुलाच्या प्रश्नावर रचलेल्या काव्याविषयींच ही गोष्ट सांगितली जावी, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

(५)

त्याच काळीं पश्चिम युरोपांत वीर सरदारांच्या प्रेमकथा भरभराटीस आल्या होत्या. तुलनेनें आपल्या काव्यांचें वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होतें, म्हणून थोडें विषयांतर करतों. आंद्रेआस कापेलानुस या लॅटिन ग्रंथकारानें इ. स. ११८५ च्या सुमारास प्रेमावर एक शास्त्रवजा ग्रंथ लिहिला. त्यांत प्रियकर आणि प्रेयसी यांचे संवाद आहेत, आणि त्यांची मांडणी वर्गांवरून केलेली आहे: सामान्य पुरुष सामान्य स्त्रीशीं कसा बोलेल, सरदार सामान्य स्त्रीशीं कसा, उच्च सरदार उच्च स्त्रीशीं कसा. पतिपत्नींमध्यें खरें प्रेम संभवत नाहीं, असा निवाडा त्यांत शांपेनच्या मारी या सरदारपत्नीच्या तोंडीं घातला आहे. शेतकऱ्यांना प्रेमाचा अधिकारच नाहीं. आणि एखाद्या कुलीनाचें मन शेतकरणीवर गेलेंच, तर थोड्या बळजोरीस हरकत नाहीं, असेंहि तो सांगतो. हा ग्रंथ उपरोधानें लिहिला असावा असें मानणारे पंडित आहेत. उपरोध असला, तरी ज्या समजुतीचा उपरोध करावयाचा ती समजूत प्रचलित असावी लागते. याच मारीच्या आश्रयानें क्रेतियें या फ्रेंच कवीनें लान्सेलॉटची कथा रचली, आणि तींतील नायिका राजा आर्थरची पत्नी आहे.

दुसरें उदाहरण इंग्रजींतील हॅव्हेलॉकच्या कथेचें. ही कथा इ. स. १२८० ते १३०० च्या दरम्यानची, म्हणजे नरेंद्राच्या काव्याची समकालीन. डेन्मार्कचा राजपुत्र कोळ्याच्या घरीं वाढतो व मुदपाकखान्यांत हमाली करतो. इंग्लंडची राजकन्या गोल्डबरो हिचें राज्य बळकाविण्यासाठीं तिचा पालक तिचें लग्न मुद्दाम या हमालाशीं लावून देतो. हीन कुलांत दिली म्हणजे तिचा हक्क बुडेल, हा त्याचा डाव. परंतु रात्रीं नवऱ्याच्या मुखांतून प्रकाश निघतांना व खांद्यावर राजचिन्ह तिला दिसतें, आणि हीन ठरलेला वर राजा निघतो.

गुराख्यांत वाढलेला कृष्ण आणि कोळ्यांत वाढलेला हॅव्हेलॉक यांचें साम्य उघड आहे. दोन्हीकडे कुलाची परीक्षा झाल्यासारखी दिसते, पण खरोखर होत नाहीं. हीन वाटणारा वर अखेर सर्वांत उच्च ठरतो आणि दंडक जेथल्या तेथें राहतो. भेद आहे तो स्त्रीच्या बाजूनें. गोल्डबरोचें लग्न लावून दिलें जातें आणि वराचें कुल तिला मागाहून कळतें. रुक्मिणीला तें आधींच पटलेलें असतें आणि ती स्वतः लिहिते. लान्सेलॉटच्या कथेशीं भेद याहून मोठा आहे. तेथें उत्कट प्रेमाला विवाहाबाहेर जागा शोधावी लागली. मराठी कवींनीं तें विवाहाच्या आंत आणलें. महाराष्ट्राच्या देवळांत विठ्ठलाशेजारीं नांव लागतें तें रखुमाईचें, राधेचें नव्हे.

(६)

या परंपरेंत पहिला आवाज एका स्त्रीचा आहे, आणि तीहि विधवा. महदाइसेचे धवळे हे वराला उद्देशून गाइलेलीं विवाहगीतें होत. श्रीगोविंदप्रभूंनीं ऋद्धिपुरास लग्नाची लीळा मांडली, त्या निमित्तानें तिनें ते गाइले आणि त्यांत रुक्मिणीकृष्णाचा विवाह वर्णिला, असें महानुभाव वाङ्मय सांगतें. ऋद्धिपूर आणि रुक्मिणीचें माहेर मानलेलें कौंडिण्यपूर हीं दोन्ही आजच्या अमरावती जिल्ह्यांत आहेत. म्हणजे कथा आपल्याच गांवकुसाजवळ गाइली जात होती.

विवाहमंगलांत विधवेचें मुखदर्शनहि टाळावें, असा आपल्या समाजाचा आचार शतकानुशतकें होता. त्या पार्श्वभूमीवर मराठीतील आद्य कवयित्रीनें विधवापणीं विवाहगीत गावें, आणि तें लग्न पित्यानें ठरविलेलें नसून कन्येनें मनानें ठरविलेलें असावें, या गोष्टीचें मोल काव्यगुणांच्या तराजूंत पुरतें होत नाहीं. महानुभाव पंथांत स्त्रियांना जें स्थान होतें, त्याशिवाय हें घडलें नसतें. पण पंथानें अवकाश दिला म्हणून कोणती कथा निवडावी हें ठरत नाहीं. महदाइसेपुढें सीतेचें स्वयंवर होतें, जेथें पण पित्याचा. पार्वतीचा विवाह होता, जेथें मागणी सप्तर्षींनीं घालावयाची. तिनें घेतली ती पत्र लिहिणारी रुक्मिणी.

हें सगळें वाङ्मय पंथाच्या सांकेतिक लिप्यांत दीर्घकाळ बंद होतें. सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांना विसाव्या शतकाच्या आरंभीं लाभली, आणि त्यानंतर भावे, कोलते प्रभृति संशोधकांच्या परिश्रमानें तें उजेडांत आलें. म्हणून मधल्या शतकांत मराठी समाजानें जी रुक्मिणी ओळखली ती महदाइसेची किंवा नरेंद्राची नव्हे, ती एकनाथांची.

(७)

एकनाथांनीं आपलें रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ मध्यें, इ. स. १५७१ त, काशीस पुरें केलें. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथांत त्यांनीं दोन मोठ्या गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे कुलाच्या आक्षेपाचें रूपांतर. त्यांचा रुक्मी कृष्णाची निंदा करतो ती अशी कीं, प्रत्येक शब्द परब्रह्माची स्तुति ठरावी. याला जात नाहीं, कुल नाहीं, नांव नाहीं, रूप नाहीं, मायबाप कोण हें ठाऊक नाहीं. निंदकाच्या दृष्टीनें हा अकुलीन, वेदांत्याच्या दृष्टीनें हा निर्गुण. या युक्तीचें बीज भागवताच्या साठाव्या अध्यायांत, रुक्मिणीच्या उत्तरांत आहे. पण शत्रूच्या मुखीं तिचा एवढा विस्तार करणें हें नाथांचें कौशल्य. यामुळें सामाजिक आक्षेप बोथट झाला असें कोणी म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. ‘ज्याला कुल नाहीं तोच श्रेष्ठ वर’ हें वाक्य सोळाव्या शतकांतल्या पैठणच्या ब्राह्मणानें उघडपणें मंडपांत ऐकवावें, यासाठीं वेदांताची शालजोडी पांघरणेंच शहाणपणाचें होतें. ज्याला आंतला अर्थ घ्यावयाचा त्यानें घ्यावा. बाहेरचा शब्द तर सर्वांच्या कानीं पडलाच.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. भागवतांत हरणानंतरचा विवाह थोडक्यांत उरकतो. नाथांच्या ग्रंथांत मात्र महाराष्ट्रांतील घरंदाज लग्नाचा सगळा सोहळा येतो: वधूपिता भीमक, त्याची राणी शुद्धमती, कन्यादान, रुखवत आणि बाकीचे आचार. प्रत्येक आचारास अध्यात्माचा अर्थ जोडलेला आहे, हें खरें. पण परिणाम काय झाला? राक्षसविधीनें नेलेल्या कन्येचें विधिपूर्वक दान झालें. जें लग्न कन्येनें घडविलें, त्यावर अखेर पित्याची मोहर बसली. देवाचेंहि लग्न मनुष्याच्या रीतीनेंच लागलें पाहिजे, ही आपल्या लोकांची भावना दृढ आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत मारळच्या मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशीं मकरसंक्रांतीस विवाह लागतो, तोहि रीतसर, वऱ्हाडासह. नाथांनीं याच भावनेला मान दिला आणि म्हणूनच त्यांचा ग्रंथ घराघरांत गेला.

त्याचें फळ मोठें विलक्षण आहे. उपवर मुलीचें लग्न लवकर जमावें म्हणून तिच्याकडून एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचें पारायण करवून घेण्याची चाल देशावर आणि कोंकणांत सर्वत्र परिचित आहे. ज्या कथेची नायिका घरच्यांनीं ठरविलेलें लग्न मोडते, परपुरुषास पत्र लिहिते आणि देवदर्शनाचें निमित्त साधून निघून जाते, ती कथा घरच्यांनीं स्थळ जमावें म्हणून मुलीच्या हातीं द्यावी! वडील मंडळी फलश्रुति ऐकतात. मुलगी मात्र तिसरा-चौथा प्रसंगहि वाचते. त्या वाचनानें कोणा मुलीच्या मनांत काय उमटलें याची नोंद कोठेंहि नाहीं. पण असंख्य मुलींना आयुष्यांत जें एकच मोठें काव्य स्वतः, मोठ्यानें, आरंभापासून अखेरपर्यंत वाचावयास मिळालें, तें स्वतःचा वर स्वतः निवडणाऱ्या राजकन्येचें होतें, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत लिहिली गेली पाहिजे.

(८)

या परंपरेची मर्यादाहि सांगितली पाहिजे, नाहीं तर मूल्यमापन एकांगी होईल. रुक्मिणीला निवड करतां आली, कारण ती राजकन्या होती. तिच्यापाशीं निरोप्या ब्राह्मण होता, लिहितां येत होतें, आणि ज्यास निवडलें तो सैन्यासह येऊं शकत होता. याच कृष्णाच्या चरित्रांत गवळणी आहेत. त्यांचें प्रेम रुक्मिणीहून उणें नाहीं. भक्तीच्या दृष्टीनें तर भागवतानें तेंच परमावधीचें मानलें आहे. पण त्यांच्या वांट्यास विवाह आला नाहीं. राजकन्येस स्वयंवर, गवळणीस विरह, अशी ही वांटणी आहे. आंद्रेआसनें शेतकरणीला प्रेमशास्त्राबाहेर काढलें. आपल्या कवींनीं गवळणीला प्रेम दिलें, पण लग्नाबाहेर ठेविलें. लोकांच्या मनाला ही वांटणी अगदींच पटली नसावी. पंढरपुरांत रुक्मिणीचें देऊळ विठ्ठलाच्या देवळामागें निराळें कां, याची जी लोककथा आहे, तींत राधेमुळें रुसून ती दिंडीरवनांत आली असें सांगतात. ज्या गवळणीला मंडपांत जागा मिळाली नाहीं, तिची सावली राणीच्या संसारांत अशी उरली आहे.

तेव्हां ‘स्वयंवर’ या नांवाविषयीं निष्कर्ष असा. या कथेवर चार थर आहेत: धर्मशास्त्राच्या भाषेंत ती राक्षसविवाहाची, वधूच्या अंतःकरणांत ती गांधर्वाची, एकनाथांच्या सोहळ्यांत ती कन्यादानाची, आणि कवींनीं कपाळीं लिहिलेल्या नांवांत ती स्वयंवराची. पहिल्या तीन थरांत पुरुषाचें बळ, दोघांचें मन आणि पित्याचा हक्क यांची क्रमानें गणना होते. एकट्या कन्येच्या निर्णयाला स्वतंत्र मान मिळतो तो फक्त चौथ्यांत. हीं काव्यें जुन्या काळच्या स्त्रीस्वातंत्र्याचा दाखला नव्हेत, आणि निव्वळ रूपकहि नव्हेत. जें घरांत चालत नव्हतें त्याला काव्यांत योग्य नांव देऊन जपून ठेवणें, एवढें काम त्यांनीं केलें. आणि तें थोडें नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. एकनाथांचें रुक्मिणीस्वयंवर अनेकवार छापलें गेल्यामुळें त्याची हस्तलिखितें ‘सामान्य’ म्हणून यादींत एका ओळींत संपतात आणि पुष्कळदां नदींत सोडलीं जातात. पाठभेदांसाठीं त्यांचें मोल कमी असेल, पण समाजेतिहासासाठीं तें मोठें आहे. अशी पोथी हातीं आली तर तिची पुष्पिका पुरी उतरून घ्यावी. ग्रंथाचें नांव मूळ कवीच्या ओवींत काय व लेखकाच्या समाप्तिवाक्यांत काय, हें वेगळें नोंदवावें. ‘हरण’ आणि ‘स्वयंवर’ यांची अदलाबदल कोठें दिसते तें पाहावें. पोथी कोणासाठीं लिहविली, तींत एखाद्या स्त्रीचें नांव आहे काय, हें टिपावें. आणि कोणत्या प्रसंगाचीं पानें बोटांनीं झिजलीं आहेत, कोणत्या पानांवर हळदकुंकवाचे डाग आहेत, हेंहि लिहावें. कन्यादानाचीं पानें अधिक मळलीं आहेत कीं पत्राचीं, या प्रश्नाचें उत्तर छापील आवृत्तींत कधींच मिळणार नाहीं.